सिबिलचं हॉटेल

'फॉल्टी टॉवर्स' या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेचा विषय निघाला की सगळे त्यातल्या हॉटेलमालक बेसिलबद्दलच बोलतात. साहजिक आहे. ताडमाड उंच माणूस हातपाय झाडत धावतो, भाडं भरून राहिलेल्या पाहुण्यांवर खेकसतो, बंद पडलेल्या गाडीला आधी दम देतो आणि मग झाडाची फांदी आणून बदडून काढतो. त्याच्यावरून नजर हटणार कशी? फांदीचा प्रसंग आला की आमच्या घरातले पुरुष हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येतात. मी मात्र हल्ली वेगळंच काहीतरी शोधत असते. एवढ्या राड्यात हे हॉटेल चालतं कसं? नाश्ता तर रोज मिळतो. मेजरसाहेब आणि त्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणी, मिस टिब्स आणि मिस गॅट्सबी, तिथे कायमचा मुक्काम ठोकून आहेत, म्हणजे काहीतरी धड चाललेलं असणारच.

ते चालवते सिबिल. बेसिलची बायको.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हन परगण्यात टॉर्की नावाचं गाव आहे, तिथलं हे काल्पनिक हॉटेल. त्याचं मूळ मात्र खरं. 1970 साली 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी कलाकारांच्या चमूतली मंडळी शूटिंगसाठी तिथल्या ग्लेनीगल्स हॉटेलात उतरली होती. मालक डोनाल्ड सिन्क्लेअर यांनी त्यांच्यातल्या टेरी गिलियमला काटा-सुरी कशी धरावी यावरून सुनावलं, आणि एरिक आयडलची बॅग नेऊन भिंतीपलीकडे ठेवली, कारण आतल्या गजराच्या घड्याळाची टिकटिक ऐकून त्यांना बॉम्बचा संशय आला. बाकीच्यांनी दुसरं हॉटेल गाठलं. त्याच चमूतला, पुढे बेसिल झालेला जॉन क्लीज मात्र तिथेच राहिला आणि त्याची बायको कॉनी बूथही तिथे राहायला आली. दोघांनी मिळून हे ध्यान डोक्यात साठवून ठेवलं. 1975 मध्ये बीबीसी टूवर सहा भाग आले, 1979 मध्ये आणखी सहा. बस्स, बारा. लोकांना अजून हवे होते, पण क्लीज आणि बूथने लिहिले नाहीत. (आपल्याकडच्या मालिकावाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.)

सिबिलची पहिली ओळख फारशी चांगली होत नाही. डोक्यावर केसांचा मनोरा, हातात सिगारेट, कानाला फोन. पलीकडून मैत्रीण आपलं रडगाणं गात असते आणि इकडून सिबिलचं 'ओ, आय नो... आय नो...' चालू. तिच्या हसण्याबद्दल तर बेसिल म्हणतो की कुणीतरी सीलवर मशीनगन चालवतंय असं वाटतं. तो तिला लाडाने पिरान्हा मासा वगैरे म्हणतो, आणि आपण हसतो, कारण कॅमेरा बेसिलच्या बाजूने असतो. पण काउंटरवर आलेल्या माणसाशी ती कशी बोलते ते बघा. मान किंचित कलती, आवाजात साखर, तक्रार पूर्ण ऐकून घ्यायची आणि दोन मिनिटांत निकाल लावायचा. त्याच माणसाला बेसिलने त्याआधी पाच मिनिटांत शत्रू करून ठेवलेलं असतं.

ज्या भागात ती नसते, तिथे तर हिशेब अगदी उघडा पडतो. जर्मन पाहुण्यांचा भाग बहुतेकांना पाठ असतो. 'युद्धाचं नाव काढू नका' असं सगळ्यांना बजावणारा बेसिल स्वतःच त्यांच्यासमोर नाझी सैनिकांसारखे गुडघे न वाकवता पाय उंच उडवत चालून दाखवतो. मला त्या भागाची सुरुवात जास्त आवडते. पायाच्या बोटाचं नख रुतलंय म्हणून सिबिल दवाखान्यात आहे. जाताना तिने एक काम सांगितलंय, मूस नावाच्या थोराड हरणाचं मुंडकं भिंतीवर टांगायचं. बेसिल हातोडा घेऊन चढतो, तोच फोन वाजतो. उतरून, धडपडत जाऊन उचलावा तर सिबिल. ते मुंडकं टांगायचं विसरू नकोस. आता याचा स्फोट होतो. अगं, तेच तर करत होतो! करत असलेलं काम खाली ठेवून, ते काम करायची आठवण तुझ्याकडून ऐकायला इथे आलो! जगातल्या तमाम नवऱ्यांच्या वतीने तो हे ओरडतो आणि आमच्या हॉलमध्ये टाळी पडते. मी गप्प बसते. कारण मुंडकं किती दिवस तसंच पडून होतं, हे कुणी विचारत नाही. आणि तिची पाठ वळल्यावर त्या हॉटेलात आगीची रंगीत तालीम, पाठोपाठ स्वयंपाकघरात खरीच आग, बेसिलच्या डोक्याला मार आणि शेवटी तेच मुंडकं परत त्याच्या डोक्यात, एवढं सगळं होतं.

दुसऱ्या एका भागात ती बाहेरगावी जाते. बांधकामाला स्टब्स नावाचा भरवशाचा कंत्राटदार बोलवायचं ठरलेलं असतं. बेसिल पैसे वाचवायला स्वस्तातला ओ'रायली आणतो. त्याची माणसं जेवणघराचं दार बुजवून टाकतात आणि जिन्यापुढे नवं दार बसवतात. सिबिल येते, बघते, आणि छत्री उगारून ओ'रायलीला बडवते. बेसिलने गाडीला दिलेला मार जगभर गाजला. छत्रीचा मार माझ्या मते जास्त न्यायाचा होता. गाडीचा बिचारीचा काय दोष?

प्रुनेला स्केल्स सिबिलची भूमिका करायला आली तेव्हा तिने क्लीजला पहिला प्रश्न विचारला म्हणे, 'या दोघांनी लग्न केलंच का?' क्लीज म्हणाला, 'अरे देवा, हे विचारशील याचीच भीती होती.' मग उत्तर तिनेच शोधलं. सिबिल साध्या, खानावळीच्या धंद्यातल्या घरची आणि बेसिलच्या वरच्या वर्गातल्या ऐटीवर भाळलेली. नवऱ्याचा रुबाब सहा महिन्यांत उतरला, धंदा मात्र तिच्या हाडात होता. हे एकदा डोक्यात बसलं की सगळी मालिका वेगळी दिसते. हॉटेलात लॉर्डसाहेब आले की बेसिल लोटांगण घालतो, साध्या पाहुण्यांना झुरळासारखं वागवतो. सिबिलला माणूस लॉर्ड आहे की नाही याने फरक पडत नाही. त्याने बिल भरलं म्हणजे झालं.

ती देवी आहे असं मुळीच नाही. कष्टाची कामं हॉटेलातली वेट्रेस पॉली आणि स्पॅनिश वेटर मॅन्युएल यांच्या गळ्यात. ताटं पॉली आणते, काउंटर पॉली सांभाळते, बेसिलने मारलेल्या थापा निस्तरतेही पॉलीच. लग्नाच्या वाढदिवसाच्या भागात बेसिलने आयुष्यात एकदा बायकोसाठी काहीतरी चांगलं केलेलं असतं, गुपचूप पार्टी ठरवलेली असते. पण आपण विसरलोय असं नाटक तो इतकं ताणतो की सिबिल संतापून गाडी घेऊन निघून जाते. पाहुणे दारात. खरं सांगायचं सोडून बेसिल म्हणतो, ती आजारी आहे. पाहुण्यांना तर तिला बघायचंच असतं. मग पडदे ओढून, विग घालून पॉलीला पलंगावर झोपवायचं. तेवढ्यात खरी सिबिल गोल्फच्या काठ्या न्यायला परत येते, आणि ही सिबिलसारखी दिसणारी कुणी दुसरीच बाई आहे असं सांगत बेसिल तिला नेऊन स्वयंपाकघरातल्या कपाटात कोंडतो. वाढदिवसाच्या दिवशी!

पॉली झालेली कॉनी बूथ बाराही भागांची सहलेखिका आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मालिकेच्या मधे, 1978 मध्ये तिचा आणि क्लीजचा घटस्फोट झाला, तरी लेखन दोघांनी मिळून पुरं केलं. पुढे तिने अभिनय सोडला, लंडनमध्ये मानसोपचाराचं काम केलं आणि या मालिकेबद्दल वर्षानुवर्षं बोलायचं टाळलं. 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सर्वोत्तम ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांच्या यादीत ही मालिका पहिली आली, तरी लोकांच्या तोंडी नाव क्लीजचंच.

शेवटचा भाग उंदराचा. मॅन्युएलने दुकानदाराच्या शब्दावर सैबेरियन हॅमस्टर म्हणून पाळलेला उंदीर, नाव बेसिल. नेमका त्याच दिवशी सरकारी आरोग्य निरीक्षक जेवायला बसलेला. बिस्किटांचा डबा त्याच्यासमोर उघडला जातो आणि आतून बेसिल दुसरा त्याच्याकडे बघतो. बेसिल पहिला बेशुद्ध, मॅन्युएल त्याला ओढत दाराबाहेर नेतोय. अवाक् झालेल्या निरीक्षकाशी सिबिल जणू काही घडलंच नाही अशा थाटात हवापाण्याच्या गप्पा मारते. परत पाऊस सुरू झाला की हो, म्हणते.