कार्बवाली मारुती ८००: रेस का अडकते? आतापर्यंतचं काम

गाडी: मारुती ८००, कार्ब्युरेटर मॉडेल, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं एफ८बी इंजिन.
तक्रार: ओव्हरटेक करून पाय उचलला तरी रेस उतरत नाही, गाडी ओढतच राहते. शिवाय गरम इंजिनावर आयडलिंग (पेडलवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग) चढलेलं.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या धरल्या, आणि तपासाचा सगळा क्रम त्यावरच ठरला. हवा मिळाल्याशिवाय इंजिन रेस घेऊच शकत नाही. नुसतं पेट्रोल जास्त गेलं तर इंजिन गुदमरतं, काळा धूर सोडतं. जास्तीची हवा दोनच वाटांनी येते: बटरफ्लाय (कार्बमधली हवेची वाट उघडणारी पाकळी) उघडी राहिली किंवा तिच्याखाली कुठे गळती असली तर. छोट्या गळतीनं आयडलिंग चढेल, पण गाडी जोरात ओढणार नाही. गाडी खरोखर ओढत असेल तर आधी बटरफ्लाय बघायची, व्हॅक्यूम पाइप नंतर.

तपास इंजिन बंद ठेवून सुरू केला. एअर फिल्टरचा डबा काढला, एकानं पेडल पूर्ण दाबून सोडलं, दुसऱ्यानं कार्बवरचा लिव्हर पाहिला. लिव्हर टक्कन स्टॉपवर आदळायला हवा. इथे शेवटचा थोडा भाग रेंगाळत होता. मग ॲक्सिलरेटरची केबल कार्बकडून सोडवली आणि लिव्हर हातानं फिरवला, तर तो लगेच परत आला. म्हणजे रिटर्न स्प्रिंग आणि प्रायमरी (पेडलसोबत आधी उघडणाऱ्या) बटरफ्लायचा दांडा ठीक, दोष केबलकडे. ही फारतर पाच मिनिटांची चाचणी आहे. ती न करता कार्ब उघडणं म्हणजे नसतं काम वाढवणं.

केबल बाहेर काढल्यावर पेडलकडच्या टोकाला आतल्या तारेचे दोन-तीन पदर तुटून उसवलेले दिसले. पेडल दाबताना ते बाहेरच्या आवरणातून सरकतात, परत येताना मात्र तोंडाशी अडकतात. अशा केबलला तेल पाजून चालत नाही, ती बदलायचीच. इंजिन ऑइल तर मुळीच घालू नये, त्यात धूळ बसून केबल आणखी जड होते. नवी केबल बसवताना तीव्र वळण येऊ द्यायचं नाही आणि एक्झॉस्टपासून ती लांब ठेवायची. पेडल सोडल्यावर केबल बोटानं दाबली की किंचित ढिली लागावी आणि पेडल पूर्ण दाबल्यावर बटरफ्लाय पूर्ण उघडावी. दोन्ही साधलं तरच सेटिंग बरोबर.

केबलसोबत इंजिनाचं फाउंडेशनही (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंट) बदललं, कारण रबर फाटून इंजिन झोल घेत होतं. आडव्या इंजिनाच्या गाडीत हे महत्त्वाचं आहे. लोड आला की इंजिन कलतं, केबल ताठ असेल तर ओढली जाते, रेस वाढते आणि इंजिन आणखी कलतं. बघायचं असेल तर हँडब्रेक लावून, ब्रेकवर पाय ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडायचा. बघणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही.

कार्बमध्ये एक गोष्ट सापडली: सेकंडरी (जास्त रेसलाच उघडणाऱ्या दुसऱ्या) बटरफ्लायच्या कडेला चिकट, तपकिरी थर. शहरात हळू चालणाऱ्या गाडीची सेकंडरी फारशी उघडतच नाही, त्यामुळे पेट्रोलचा गाळ तिथे वाळतो. एखाद्या ओव्हरटेकला ती उघडते आणि मिटताना चिकटते. कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रशनं साफ केली. क्लीनर डायफ्रामच्या रबरावर जाऊ दिला नाही. बटरफ्लायचे बारीक स्क्रूही पाहिले. ते ढिले झाले तर पाकळी सरकून बोअरमध्ये अडकते आणि स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो. कार्बचे नट समान आवळले. एकच बाजू करकचून आवळली की बूड वाकतं.

चोकची केबल पूर्ण परत येते. फूटमॅटवर मॅट होती, ती काढून एकच ठेवली.

आता रेस अडकत नाही, पण गरम इंजिनावर आयडलिंग साधारण ९०० आरपीएमऐवजी १५०० ला थांबतं. डॅशवर आरपीएम मीटर नाही, म्हणून इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवर हर्ट्झ (सेकंदाला किती स्पार्क) मोजले. तीन सिलिंडरला एका फेरीत दीड स्पार्क, म्हणजे ९०० ला २२.५ हर्ट्झ आणि १५०० ला ३७.५. तिथे काहीशे व्होल्टचे झटके येतात, साधा स्वस्त मीटर जळतो. तेवढं सोसणाराच वापरावा.

व्हॅक्यूम पाइप एकेक करून पकडीनं हलकेच दाबले, फरक पडला नाही, म्हणजे गळती त्यांच्यात नाही. पुढे तपासायचं ते कार्बखालचं गॅस्केट आणि डिस्ट्रिब्यूटर (सिलिंडरना स्पार्क वाटणारा भाग). त्यातली ॲडव्हान्सची (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी) वजनं अडकली असतील तर आयडलिंगही चढलेलं राहतं आणि रेस देऊन सोडल्यावर टायमिंग लाइटखाली खूण जागेवर उशिरा येईल.

रस्त्यावर चाचणी घेणाऱ्यांसाठी: रेस अडकली तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. बूस्टर असेल तर ब्रेक पंप करू नका, साठलेला व्हॅक्यूम संपतो. थांबल्यावर चावी फिरवून इंजिन बंद करा; चालत्या गाडीत ती बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होतं.