ट्रकमधला लेथ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचं मशीन, चालवणाऱ्या माणसाला लष्कराच्या फिरत्या वर्कशॉपचं वेड लागावं यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं जीएमसीच्या अडीच टनी ट्रकवर बंद बॉडी चढवून आत लेथ बसवले. ब्रिटिशांनी लेलँड रिट्रीव्हर ही लॉरी वापरली. आपल्याकडं रणगाड्यांपासून रायफलीपर्यंतची दुरुस्ती ईएमई, म्हणजे लष्कराची इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल इंजिनिअर्स शाखा, बघते, १९४३ पासून.

मला खरं कौतुक वाटतं ते लेव्हलचं, म्हणजे ट्रकमध्ये लेथ सरळ-सपाट ठेवण्याचं. आमच्याकडं नवीन लेथ आला की खाली काँक्रीट, मग बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, उभी-आडवी बुडबुड्याची लेव्हल ठेवून बोल्ट जरा-जरा आवळत बसायचं. बेडला केसभर पीळ राहिला तरी जॉब टेपर निघतो, म्हणजे एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. जॉब पकडणाऱ्या चकजवळ एक माप, पलीकडच्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉककडं दुसरं. आणि ट्रकची चासी तर खड्ड्याखड्ड्याला पिळते! लांब बेडचा लेथ तिथं टिकायचा नाही. आखूड आणि जाड बेडच पाहिजे. मुक्कामी पोचल्यावर बॉडीला जॅक लावायचे, गाडी स्प्रिंगवर हलता कामा नये, आणि टेस्ट बारवर, म्हणजे चाचणीच्या दांड्यावर, हलका कट घेऊन दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायचा. त्याशिवाय बेअरिंगच्या बुशला हात घालायचा नाही.

प्रवासात कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक घट्ट लॉक करावे लागत असणार, नाहीतर ठोके बसून स्लाइड खराब होईल. शिरोली, गोकुळ शिरगावात ईएमईतून निवृत्त झालेले कुणी हे वाचत असतील तर सांगा राव, चालत्या गाडीत स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग कसं जपायचा?