बाथरूमच्या वाफेवर तापणारं घर

अंघोळ झाली की बाथरूमच्या छतातल्या जाळीला मी टॉयलेट पेपरचा कपटा लावून बघतो. चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर फिल्टर धुवायला काढायचा. आमचा एक्झॉस्ट एअर हीट पंप या जाळीतूनच जेवतो. घरातली वापरलेली, उबदार, दमट हवा ओढायची, तिच्यातली ऊब काढून पाण्यात घालायची आणि गारठलेली हवा बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. (स्वयंपाकघरातली चिमणी याला जोडायची नाही. तेलाचा थर आत बसला की संपलं.)

यंत्र बसवणाऱ्याने सांगितलं होतं, "थंडी वाढली की पंखा वाढवा." पहिल्या हिवाळ्यात वाढवला. बिल बघून डोळे पांढरे झाले, मग कागद-पेन घेऊन बसलो.

घर ६० चौरस मीटर, छत अडीच मीटर, म्हणजे १५० घनमीटर हवा. त्यातली निम्मी दर तासाला बदलते: ७५ घनमीटर. एक घनमीटर हवा एक अंशाने गार केली की साधारण ०.३३ वॉट-तास मिळतात. २१ अंशांची हवा १ अंशापर्यंत उतरवली तर हाती येतात जेमतेम ५०० वॉट. वाफेचं पाणी होताना थोडी ऊब मिळते, कॉम्प्रेसरची वीजही उष्णता होऊनच घरात येते. तरी कडाक्याच्या थंडीत घराला लागतात तीन किलोवॉट! उरलेलं सगळं आतला हीटर रॉड भरून काढतो, साध्या गिझरसारखा वीज पीत.

आणि पंखा वाढवला की जितकी हवा जाते तितकीच बाहेरून आत येते. बाहेर उणे ५ आणि यंत्रातून हवा सुटते १ अंशाला, म्हणजे जादा ओढलेल्या प्रत्येक घनमीटरमागे सहा अंश पदरचे गेले. बाहेर ८ अंश असताना हाच पंखा फायद्याचा.

पंखा मूळ आकड्यावर आणला. तरी एका रात्री रॉडचा दिवा विझेना. बघतो तर बाष्पकावर, म्हणजे हवेतली ऊब शोषणाऱ्या आतल्या गार नळ्यांवर, बर्फाचा पांढरा थर, आणि खिडक्यांवरच्या हवेच्या झडपांत आईने जुन्या साडीचे बोळे कोंबलेले. बाहेरून हवाच आत येईना, मग यंत्राला ओढायला ती पुरणार कुठून!

"अरे, मानेवर वारा येतो त्यातून!"

बोळे काढले. तिचा पलंग समोरच्या भिंतीला सरकवला.