बाबागाडी निवडताना आम्ही काय पाहिलं

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच बाबागाड्या मस्त चालतात. म्हणून ढकलून पाहण्यापेक्षा उचलून पाहण्यावर आम्ही भर दिला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि बाळाला संध्याकाळी फिरवून आणणार त्या सासूबाई. कडेवर बाळ आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटवून उचलणं त्यांना जमलं, तरच ती आमच्या कामाची.

इथेच निम्म्या गाड्या बाद झाल्या. मोठ्या चाकांच्या, ऐसपैस गाड्या दहा-बारा किलोंच्या. जिन्यात त्या पेलणार कोण? छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाड्या त्याच्या निम्म्या वजनाच्या. ही युक्ती ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याची, १९६५ सालची. लेकीची अवजड गाडीबद्दलची कुरकुर ऐकून त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी गाडी बनवली.

मग हलकीच घ्यायची ना? तर नाही. आमचं बाळ अजून मानही धरत नव्हतं, आणि अशा बहुतेक गाड्यांची पाठ पूर्ण आडवी होत नाही. बाळ नीट बसू लागेपर्यंत त्याला जवळजवळ सपाट झोपवता यायला हवं. नाहीतर हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा होऊ शकतो. त्यामुळे शोध मधल्या वजनाच्या, पाठ सपाट होणाऱ्या गाडीवर आला.

पट्टा पाच टोकांचाच पाहिला: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. पायांमधला नसेल तर बाळ खाली घसरतं. बक्कल मी झटकन उघडलं, पण सासूबाईंच्या बोटांना त्यातली दोन-तीन बक्कलं दाद देईनात. तेवढ्यावर एक सुंदर निळी गाडी आम्ही सोडली. (रंगाचं मलाच वाईट वाटलं.) मूठही वर-खाली होणारी हवी होती. सासूबाई ठेंगण्या, नवरा उंच. ठरावीक उंचीच्या मुठीला त्याचे पाय मागच्या दांड्यावर आपटत.

मग मुठीला भरलेली पिशवी अडकवून पाहिली. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण रिकामी गाडी लगेच मागे कलंडली. बाळ आत असताना पिशवी मुठीला नाही, खालच्या टोपलीत, हे घरात सगळ्यांना तिथेच पटलं.

पेल्याची खोबण, खेळण्यांचा दांडा याकडे लक्षच दिलं नाही. छत मात्र खोल आणि जाळीची खिडकी असलेलं घेतलं, कारण उन्हात गाडीवर दुपटं टाकलं की आत हवा कोंडून तापते.

शेवटी घेतलेली गाडी सात किलोंच्या आसपास आहे. खडबडीत रस्त्यावर तिची छोटी चाकं खडखडतात, तेव्हा पुढची चाकं सरळ लॉक करायची. सासूबाई ती एका हाताने मिटवतात. नवऱ्याला अजून दोन लागतात.