तार लावायची राहिली

रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या (किरणांनी कॅन्सरवर उपचार) एमडीचं माझं दुसरं वर्ष. पेशंट गोंदियाकडचे, साठीच्या घरातले. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन खाऊन डाव्या गालात कॅन्सर झाला, ऑपरेशनला चार आठवडे उलटले होते. शेक (नागपुरात रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात) सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचे. एकूण 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), 30 शेकांत.

सीटीवर कॉन्टूरिंग, म्हणजे किरणं कुठे द्यायची (टार्गेट) आणि कुठे टाळायची ते रेखणं, माझ्याकडे आलं. दर 3 मिलिमीटरला एक काप, आणि प्रत्येक कापावर मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा, मग टार्गेट माउसने रेखायचं. रात्री अकरापर्यंत बसले. उजवी पॅरोटिड (कानापुढची लाळग्रंथी) फार निगुतीने रेखली, तिचा सरासरी डोस 26 ग्रेच्या आत राहिला तर पुढे तोंडाला लाळ सुटायची आशा असते. सकाळी सर ओपीडीतून धावत आले, काप भराभर सरकवले, सही केली.

किरणांच्या डोसचा हिशोब पाहणारे फिजिसिस्ट मात्र थांबले. "मॅडम, व्रणावरची तार दिसत नाही?"

सीटीआधी टाक्यांच्या व्रणावर तांब्याची बारीक तार चिकटवायची, वरून चेहरा स्थिर ठेवणारा मास्क बसवायचा. मग प्रत्येक कापावर ती पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. यांचा व्रण खालच्या ओठापासून हनुवटीवरून मानेत उतरलेला. तार नव्हती, आणि हनुवटीवरचा व्रण माझ्या टार्गेटच्या बाहेर राहिला होता, म्हणजे तिथे शेक नीट पोचलाच नसता.

तार लावतात हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. शेकाच्या काही मशीनींत असतं त्या कोबाल्ट-60चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, हे झोपेतून उठवून विचारा. परीक्षेला येतं ना. कॉन्टूर मात्र आम्ही सीनियरच्या जुन्या फायली पाहून शिकतो, त्यांच्या चुकांसकट. "इथे का थांबलीस?" असं शेजारी बसून विचारणारं कुणीतरी हवं. सरांपुढे त्या सकाळी ओपीडी तुंबली होती, हेही खरं. पण त्या माणसाला वाचवलं फिजिसिस्टने, ज्यांचं नावही पेशंटला कधी कळत नाही.

फोन केला. "पुन्हा यावं लागन का जी?" दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून भाच्यासोबत आले. ओठाखालून तार धरत, मायक्रोपोरने चिकटवत मी मानेपर्यंत नेली. हनुवटीवर जरा जोरात दाबलं गेलं.

"तिथं बधिरच आहे जी मॅडम. पण ही तार कायले?"

"फोटो नीट यावा म्हणून."

मागच्या वेळी का नव्हती, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.