कांदा चिरता चिरता

सकाळी पोह्यांना कांदा चिरताना डोळे भरून आले आणि तिता आठवली. लॉरा एस्किव्हेल यांच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ या कादंबरीची (१९८९) नायिका. कांद्याच्या वासाने आईच्या पोटातच रडणारी, स्वयंपाकघरातच जन्मलेली! मेक्सिकोतल्या तिच्या घरची रीत अशी, की धाकटीने लग्न करायचं नाही, आईची सेवा करायची. मग ती बोलते रांधण्यातून. बहिणीच्या लग्नाच्या केकमध्ये तिचे अश्रू पडतात, तो खाऊन पाहुणे रडू लागतात. १२ महिने, १२ प्रकरणं, प्रत्येकात एक पाककृती.

दुपारी आईची वही काढली. पुरणपोळीच्या पानावर तुपाचा डाग, कोपऱ्यात पेन्सिलीने: ‘जायफळ कमी. यांना आवडत नाही.’ आईला काय आवडायचं, ते वहीभर शोधलं. कुठेच नाही.