जुनी ३२८आय घ्यायच्या आधी काय काय तपासलं (माझा अनुभव)

पुण्यात सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२८आय बघत होतो, एफ३० बॉडी (त्या पिढीच्या ३ सीरिजचं कंपनीतलं नाव), २०१३ची पेट्रोल. दोन लिटर टर्बो, २४५ हॉर्सपॉवर, ८ स्पीड ऑटोमॅटिक, आणि आज नव्या एसयूव्हीपेक्षा कमी पैशात मिळते म्हटल्यावर मोह होतोच. पण ताकद किती हे बघायचंच नसतं हो, इतक्या वर्षांत आतलं प्लास्टिक आणि रबर किती टिकलंय ते बघायचं.

मालकांना आधीच फोन केला, काका मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे बघितलं, मगच स्टार्ट. ह्या गाडीतल्या एन२० इंजिनात, खासकरून २०१५ च्या आधीच्या गाड्यांत, टायमिंग चेनचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारी साखळी) प्लास्टिकचे गाइड ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे खाली ऑइल संपमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत जातात आणि चेन सुटली तर इंजिनच गेलं. म्हणून रेस हळूहळू वाढवत शिट्टीसारखा बारीक आवाज येतो का ते नीट ऐकलं. नव्हता. तरी नुसत्या कानावर मी विश्वास ठेवत नाही, काकांनी चेन आणि गाइड बदलल्याचं बिल काढून दाखवलं, त्यावर किलोमीटरही होते, तेव्हा जीवात जीव आला.

मग ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर घेतली. ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटपाशी तेल पाझरत होतं, वयाने होतंच, पण ते तेल बेल्टवर गेलं तर बेल्ट खराब होतो त्यामुळे टाळायचं काम नाही. वॉटर पंप इलेक्ट्रिक, तो बरेचदा काही न सांगता बंद पडतो आणि इंजिन तापतं, त्याचं बिल कुठेच नव्हतं म्हणून तो खर्च मी किमतीत धरला. स्कॅनर लावाल तेव्हा नुसता इंजिनला नको, गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) बघा, बिघाडाचे कोड नुकतेच पुसलेत का तेही. टायरची नक्षी भरपूर होती पण साइडवॉलवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष) २०१८ चा निघाला, म्हणजे चारही बदलायचे, आणि रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) स्वस्त नसतात!

कागद सोपे होते, लोन उतरलेलं, चलान शून्य, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे २०२८ ला रिन्यूअल आणि ग्रीन टॅक्स येणार.

काकांनी पंप आणि गॅस्केटचे पैसे कमी केले, टायरचे नाही केले. घेतली मी. पंप ऑर्डर केलाय, आला की गॅस्केटबरोबर एकदमच बसवून घेणार.